हात सुटला नव्हता

कराड
२ जुलै २०२४

प्रिय विद्युलता,

फोनचा मला आता काही उपयोग उरलेला नाही. डावा कान आधीच गेला होता, मागच्या उन्हाळ्यात उजवाही गेला. यंत्र लावलं की नुसती खरखर. आणि मोबाइलवर अंगठ्यानं लिहिणं मला जमत नाही. छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, आता बोटांना नवं वळण लागायचं नाही. तेव्हा तुझी ही नणंद यापुढे टपालानंच भेटेल.

१८ जूनला संयुक्ताला जाऊन वर्ष झालं. मकरंद एकटाच आला होता. तू का आली नाहीस ते त्यानं लिहून सांगितलं. जेवत नाहीस, बोलत नाहीस, मधेच भलतंसलतं बोलतेस, डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटलंय. पोर गेल्यावर आईचं असं व्हायचंच. मी त्याला म्हटलं, तिला इकडे आण. मागची खोली रिकामी केली आहे. खिडकीतून शेवग्याचं झाड दिसतं. तो ऑगस्टचं तिकीट काढणार आहे. तुझी सगळी व्यवस्था मी बघेन, तो निर्धास्त तिकडे नोकरी करू दे.

आता जे लिहिते आहे ते न बोलण्याचं मी त्याला कबूल केलं होतं. पण वर्षभर गप्प राहून काय साधलं? विद्युलता, त्या दिवशी समुद्रावर तुझ्या हातातून पोरीचा हात सुटला, यात तुझा दोष नाही. लाटेपुढे कुणाचं चालतं? इथं कुणीही तुला दोष देत नाही. माझ्या मनात तर कधीच नव्हता. हे एकदा तुला सांगायचं होतं.

तुझी,
ऊर्मीताई

*

अण्णा नगर, चेन्नई
११ जुलै २०२४

ती. ऊर्मीताई,

तुमचं पत्र खालच्या मजल्यावर घरमालकीणबाईंकडे आलं होतं. मी ते जिन्यातच उघडलं आणि जिन्यातच बसून राहिले.

ताई, त्या दिवशी मी समुद्रावर नव्हते.

मला ताप होता. सांधे असे धरले होते की पेला उचलवत नव्हता. रविवार होता. हे म्हणाले, "पोरगी घरात कंटाळली आहे, जरा मॉलमध्ये फिरवून आणतो." संयूनं दारातून हात केला आणि विचारलं, "आई, तुझ्यासाठी काय आणू?" मी म्हटलं, "काही नको, लवकर ये." एवढंच आमचं शेवटचं बोलणं. संध्याकाळी दारात पोलीस आले.

नंतर ह्यांनी मला सांगितलं, की तिनं समुद्राचा हट्ट धरला. हे गाडी लावायला गेले, तेवढ्यात ती पुढे पळाली आणि लाट आली. मी यावर कधी प्रश्न विचारला नाही. विचारून ती परत येणार नव्हती. शिवाय मला माझंच खात होतं. मी सांगलीची. वयाच्या सहाव्या वर्षी वडिलांनी पाठीला भोपळा बांधून कृष्णेत सोडलं होतं. दहाव्या वर्षी पात्र ओलांडून पलीकडे जात होते. आणि माझ्या पोटच्या मुलीला मी पोहायला शिकवलं नाही. आज शिकवू, या सुट्टीत शिकवू, असं म्हणता म्हणता ती बारा वर्षांची झाली.

तुम्ही सगळे दिवसांना आलात तेव्हा माझ्याशी कुणी त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, मला जपताय. धाकट्या काकू माझ्याकडे बघून मान वळवायच्या, त्याचा अर्थ आज लागला.

मी जेवते. बोलते. गोळ्या एप्रिलपासून बंद आहेत, त्याही डॉक्टरांनीच बंद केल्या. कराडला येऊ नको, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. "ताईला आता हे सगळं झेपणार नाही, तू इथंच थांब," असं ह्यांनीच सांगितलं होतं.

तुमच्या ऐकण्यात चूक झाली असेल. तसंच असू दे. हात सुटल्याचं तुम्हाला नेमकं कुणी सांगितलं, तेवढं कळवा.

तुमची,
विद्युलता

*

कराड
२२ जुलै २०२४

प्रिय विद्युलता,

ऐकण्यात चूक व्हायला मी ऐकलेलंच नाही. माझ्याशी कुणाला काही बोलायचं असलं तर ते वहीत लिहून द्यावं लागतं, हे तुला माहीत आहे. दिवसांनंतर मकरंदनं मला स्वतःच्या हातानं लिहून दिलं. वही माझ्यासमोर आहे. लिहिलंय: "विद्युलताच्या हातातून हात सुटला. ती तिथंच होती. तिला काही विचारू नकोस, ती ते कबूल करत नाही. डॉक्टर म्हणतात, मन स्वतःला वाचवायला असं करतं."

तुझं पत्र वाचून मला हेच आठवलं. तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. तुला ते खरंच वाटत असेल. पण तो तसं का लिहील? आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मी त्याला कडेवर घेऊन शाळेत शिकवायला जायची. वर्गात मागच्या बाकावर झोपायचा. अक्षर मी गिरवून घेतलं त्याचं. तो माझ्याशी खोटं बोलणार नाही.

हट्ट करू नकोस. ऑगस्टमध्ये ये.

ऊर्मीताई

*

अण्णा नगर
९ सप्टेंबर २०२४

ती. ऊर्मीताई,

ऑगस्टचं तिकीट मी रद्द करायला लावलं. का, ते सांगते.

तुमचं दुसरं पत्र वाचल्यावर दोन दिवस मला माझाच भरवसा वाटेना. मी खरंच तिथं होते की काय? तापात उठून गेले असेन का? शेवटी खाली जाऊन चंद्रिकाअम्मांना विचारलं. त्या आमच्या घरमालकीण. तंजावरच्या मराठी, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता सत्तरीच्या आहेत. त्यांची मराठी आपल्याला जुन्या बखरीतली वाटते, मधे मधे तमिळ. मी विचारलं, "अम्मा, त्या दिवशी मी कुठं होते?" त्या चकित झाल्या. "माझ्या डोळ्यांपुढं होतीस की! मी तुज रसम आणून दिलें, तूं दोन घोट घेतलीस नि निजलीस. कां गं?" मी तुमची दोन्ही पत्रं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, "रडूं नक्को. चल, अस्कें विचारून येऊं." अस्कें म्हणजे सगळं.

तिरुवान्मियूरच्या पुढे कोळ्यांची एक छोटी वस्ती आहे. तिथल्याच किनाऱ्यावर ते झालं होतं. वर्षभरात मी तिकडे फिरकले नव्हते. संयूला बाहेर काढणारा कोळी नारायणस्वामी जाळं दुरुस्त करत बसला होता. मी कोण ते सांगितलं तसा उठून उभा राहिला.

"तुम्ही आई? त्या दिवशी तुम्ही नव्हतात अम्मा."

"कोण कोण होतं?"

तो चंद्रिकाअम्मांकडे बघायला लागला. त्या म्हणाल्या, "सांग. ती ऐकायलाच आली आहे."

"तुमचे सार होते, पोरीचे वडील. आणि एक अम्मा होत्या. दोघं त्या उलट्या होडीच्या आडोशाला बसून बोलत होते, बराच वेळ. पोरगी एकटीच शिंपले वेचत होती. मी लांबून ओरडलो, पाप्पा, पोरी, पुढे जाऊ नको. सारांनी वळून बघितलं नाही. आधी आरडाओरडा केला तो त्या अम्मांनी. मी पोचलो तोवर…" त्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मी हे सगळं पोलिसांना सांगितलंय अम्मा. सारांनीही लिहून दिलंय. मी तिथंच उभा होतो."

त्या कागदाची नक्कल मिळवायला तीन आठवडे गेले. चंद्रिकाअम्मा दर वेळी माझ्याबरोबर चौकीत येऊन बाकावर बसायच्या. तिथला एक हवालदार त्यांचा विद्यार्थी निघाला, मग काम हललं.

झेरॉक्स सोबत आहे. इंग्रजीत आहे, पण सोपं आहे. "माझी पत्नी आजारी असल्यामुळे घरी होती. मी आणि माझी सहकारी रंजनी किनाऱ्यावर बसलो होतो. मुलगी पाण्याकडे गेल्याचं माझ्या लक्षात आलं नाही."

मी हा कागद मकरंदपुढे ठेवला. तो आधी चिडला, मग रडला, मग म्हणाला, "ताईला खरं कसं सांगणार होतो? ती मेली असती." मी म्हटलं, "म्हणून मला मारलंस?" रंजनीचं किती वर्षांपासून चालू आहे ते मी विचारलं नाही. त्यानं आपण होऊन सांगितलं, तीन.

ताई, माणसाचं लक्ष चुकतं. मुलगी गेली ते मी कदाचित त्याला कधीतरी माफ करू शकले असते. पण तो हात माझ्या हातात देऊन, तो मीच सोडला असं त्यानं लिहिलं.

तुम्ही काय मानायचं ते तुम्ही ठरवा.

विद्युलता

*

कराड
२१ सप्टेंबर २०२४

विद्युलता,

कागद मिळाला. पत्रात "हे" गेलं आणि "मकरंद" आलं, तेही पाहिलं.

ऊर्मी

*

कराड
१५ जानेवारी २०२५

प्रिय विद्युलता,

चार महिने तुला लिहिलं नाही. संक्रांतीचा तिळगूळ काल पाठवला, त्यात पत्र घालायचं धैर्य झालं नाही. आज लिहिते.

तो कागद पाहिला त्याच क्षणी मला कळलं होतं. इंग्रजी g ची शेपटी तो लहानपणापासून डावीकडे लांब ओढतो. किती छड्या दिल्या, गेली नाही. तरीही मी कागद ट्रंकेत टाकला आणि कुलूप लावलं. मला वाटलं, न बघितला की तो नसल्यासारखा होईल. मी शिक्षिका आहे, खोटं बोलणारं पोर मला लांबून ओळखू येतं, हा माझा तोरा होता. माझंच पोर मला ओळखू आलं नाही.

दिवाळीत तो आला. मी जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर त्याच्यापुढे एका बाजूला माझी वही ठेवली, दुसऱ्या बाजूला तुझी झेरॉक्स. पेन दिलं आणि म्हटलं, "आता तिसरं काय ते लिही." त्यानं दोन्ही वाचून बाजूला सारलं. मग लिहिलं: "ताई, तू माझ्या बाजूनं राहा. कोर्टात अर्ज केला आहे. ती वेडी आहे एवढं तू म्हणालीस तर पुरे आहे."

ते पानही वहीत आहे. मी फाडलेलं नाही.

मी भांडी उचलली. तो दुसऱ्या दिवशी गेला. तेव्हापासून मी विचार करते आहे, की तुला कोणत्या तोंडानं लिहू. मी तुला क्षमा केली होती गं! न केलेल्या गुन्ह्याची क्षमा, वर उपकार केल्यासारखी. ते माझं पत्र असलं तर जाळून टाक.

तुझी,
ऊर्मीताई

*

अण्णा नगर
१० मार्च २०२५

ती. ऊर्मीताई,

ते पत्र जाळणार नाही. ते आलं नसतं तर मी ऑगस्टमध्ये मुकाट्यानं तुमच्या मागच्या खोलीत येऊन बसले असते. तुम्ही गप्प राहायचं वचन मोडलंत म्हणून मला खरं कळलं.

मकरंद ऑक्टोबरमध्येच पेरुंगुडीला राहायला गेला. तिथं त्याच्या ऑफिसजवळ रंजनीचं घर आहे. नोव्हेंबरमध्ये मला कोर्टाची नोटीस आली: पत्नीचं मानसिक संतुलन बिघडलेलं असल्यानं घटस्फोट मिळावा. त्या दिवशी मात्र मी खरंच वेड्यासारखी हसले. चंद्रिकाअम्मा घाबरून वर आल्या.

त्यांनीच पुढचं केलं. त्यांच्या जुन्या शाळेत पोहण्याचा तलाव आहे. शिकवायला बाई मिळत नाहीत म्हणून मुलींचा वर्ग दोन वर्षं बंद होता. त्यांना माझा भोपळा आणि कृष्णा माहीत होती. एका सकाळी रिक्षा बोलावून मला तलावावर घेऊन गेल्या आणि काठावर खुर्ची टाकून बसल्या. "उतर," म्हणाल्या.

"अम्मा, मला नाही जमणार."

"मज सांगूं नक्को. पाण्यास सांग."

गुडघाभर पाण्यात मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग एकदम डोकं आत घातलं. ताई, पाण्याखाली सगळं शांत होतं. दीड वर्षात पहिल्यांदा शांत. हातपाय आपोआप चालू झाले. पलीकडची भिंत लागली तेव्हा मी धरून ठेवलेलं रडू बाहेर आलं, आणि पाण्यात असल्यामुळे कुणाला दिसलं नाही. मग मी वळले आणि परत आले.

रीतसर प्रशिक्षण घेतलं, जीवरक्षकाची परीक्षा दिली. वर्गात सगळ्यांत मोठी मीच होते, त्रेचाळीस वर्षांची. जानेवारीपासून शाळेचा वर्ग माझ्याकडे आहे.

शिवाय आणखी एक. नारायणस्वामीची मुलगी सेल्वी तेरा वर्षांची आहे. त्याच्याकडे गेले असताना मी सहज विचारलं, "हिला पोहता येतं ना?" तो म्हणाला, "मुलींना कशाला?" समुद्रापासून पन्नास पावलांवर घर, आणि वस्तीतल्या एकाही मुलीला पोहता येत नाही! मुलगे आपसूक शिकतात, मुलींना किनाऱ्यावर टोपल्या धरून उभं करतात. मी वस्तीच्या बैठकीत गेले. म्हातारे म्हणाले, पोरींचे कपडे ओले होतील, लोक बघतील, लग्नं जमणार नाहीत. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये एवढंच म्हटलं, "माझी मुलगी तुमच्याच पाण्यात गेली. तुमच्यातल्याच एकानं तिला बाहेर काढलं. मला त्याची परतफेड करायची आहे. दुसरं काही माझ्याकडे नाही." नारायणस्वामी उठला आणि म्हणाला, "माझी सेल्वी जाईल."

पहिल्या शनिवारी सेल्वी एकटी आली. आता नऊ जणी आहेत.

कोर्टाची तारीख ऑगस्टमध्ये आहे. तुम्ही या, असं मी म्हणणार नाही. तो तुमचा भाऊ आहे.

तुमची,
विद्युलता

*

कराड
२४ मार्च २०२५

प्रिय विद्युलता,

तो माझा भाऊ आहे, म्हणूनच मी येणार आहे. वही घेऊन येते. तारीख कळव. स्टेशनवर मला नावानं हाका मारू नकोस, ऐकू येणार नाही. समोर येऊन उभी राहा.

ऊर्मीताई

*

अण्णा नगर
३१ ऑगस्ट २०२५

ती. ऊर्मीताई,

सुखरूप पोचल्याचं कळलं. तुम्ही गेल्यापासून चंद्रिकाअम्मा रोज विचारतात, "तुझी नणंद पुन्हा केव्हां यायची?" तुम्ही दोघी पाटीवर लिहून तासन्‌तास गप्पा मारत होतात, आता त्यांना करमत नाही.

कोर्टात तुम्हाला दिसलं सगळं, पण ऐकू काही आलं नाही. तुम्ही विचारलंही नाही. पण ते तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून लिहिते.

तुम्हाला प्रश्न लिहून देणारे ते दुभाषी, मानाजीराव, तंजावरचेच. त्यांनी पहिलाच प्रश्न "आपला भ्राता" असा लिहिला तेव्हा तुम्ही हसलात. त्यावर मकरंदच्या वकिलानं न्यायाधीशबाईंना म्हटलं, "साक्षीदार स्थिर नाहीत." बाई म्हणाल्या, "हसता येतं म्हणजे स्थिरच आहेत. पुढे चला."

मग तो वकील म्हणाला, "या बाईंना ऐकू येत नाही. घरात कोण काय बोललं याची साक्ष या कशी देणार?" मानाजीरावांनी ते तुम्हाला लिहून दिलं. तुम्ही उभ्या राहिलात आणि वर्गात बोलता तशा मोठ्या आवाजात म्हणालात, "ऐकलं असतं तर विसरले असते, नाहीतर चुकीचं ऐकलं म्हणाला असतात. मला सगळं लिहून द्यावं लागतं, म्हणून तर वही आहे." मानाजीरावांनी याचं तमिळ केलं तेव्हा मागच्या बाकांवर कुणीतरी टाळी वाजवली. बाईंनी दटावलं, पण त्यांचं तोंडही हसरं होतं.

वहीतली तिन्ही वाक्यं त्यांनी मोठ्यानं वाचून घेतली. "हात सुटला" हे वाक्य. "कबूल करत नाही" हे वाक्य. आणि दिवाळीतलं शेवटचं. मग पोलिसांकडचा कागद. बाईंनी मकरंदला विचारलं, "हे अक्षर तुमचं?" तो "हो" म्हणाला. तेवढा एक शब्द.

त्याचा वकील त्याच्या कानाशी काय म्हणत होता तेही मला ऐकू आलं: "अर्ज मागे घ्या, आज, आत्ता."

तो मागे घेतल्यावर बाईंनी मला विचारलं, "आता तुम्हाला काय हवं आहे?" मी म्हटलं, घटस्फोट मलाही हवा आहे, दोघांच्या संमतीनं, त्यात माझ्यावर कसलाही ठपका नको. आणि संयुक्ता गेली त्या दिवशी काय झालं ते मकरंदनं आपल्या हातानं, मराठीत, प्रत्येक नातेवाइकाला लिहावं. बाई म्हणाल्या, असं कोर्टाला लिहायला लावता येत नाही. तेवढ्यात मकरंदच म्हणाला, "मी लिहितो."

आणखी एक राहिलं. आपण बाहेर पडलो तेव्हा तो मागून "ताई" म्हणाला. तीनदा. तुम्ही चालत राहिलात. मी तुम्हाला थांबवलं नाही. ते चूक की बरोबर, मला ठरवता येत नाही.

तुमची,
विद्युलता

*

कराड
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय विद्युलता,

थांबवलं नाहीस ते बरं केलंस. मला पाठीत जाणवलं होतं. वळले असते तर मी पुन्हा चार वर्षांचं पोर कडेवर घेतलं असतं. वळायचं तेव्हा मी आपण होऊन वळेन, ते अजून लांब आहे.

त्याची पत्रं आली. इथं प्रत्येक घरी एक. कुठेही पळवाट ठेवलेली नाही, एवढं त्याच्या पदरात घालते. "मी खोटं सांगितलं. विद्युलता तिथं नव्हती. मी होतो आणि माझं लक्ष नव्हतं." धाकट्या काकू पत्र हातात घेऊन माझ्याकडे आल्या आणि ओट्याशी बसून रडल्या. वहीत लिहिलं, मी त्या पोरीकडे बघून तोंड फिरवलं होतं. मी म्हटलं, "मला सांगू नका, तिला लिहा." तेव्हा तुला त्यांचं पत्र येईल. उत्तर द्यायचं की नाही ते तुझं तू ठरव, माझी भीड नको.

मागच्या खोलीत आता मी गल्लीतल्या पाच मुलांना शिकवते. त्यांना माझ्याशी बोलायचं तर लिहावंच लागतं, त्यामुळे पोरांचं शुद्धलेखन सुधारलं आहे.

तुझ्या मुली किती झाल्या?

तुझी,
ऊर्मीताई

*

अण्णा नगर
१६ फेब्रुवारी २०२६

प्रिय ऊर्मीताई,

काकूंना उत्तर दिलं. छोटंसं, पण दिलं. गेल्या महिन्यात कोर्टाचा शेवटचा कागदही हातात आला. त्यावर माझं नाव नुसतं विद्युलता काशिनाथ असं, वडिलांच्या नावानं आहे.

मुली एकोणीस झाल्या. दहा वस्तीतल्या, नऊ शाळेतल्या. आणि काल त्या समुद्रात उतरल्या.

हे तुम्हाला आधी कळवलं नव्हतं, तुम्ही काळजी केली असती. डिसेंबरात वारे पडल्यापासून मी आणि नारायणस्वामी दर रविवारी त्या पाण्यात जात होतो. ओढ कुठं आहे, वाळूचा उंचवटा कुठं आहे, सगळं त्यानं मला शिकवलं. पहिल्या दिवशी मी कमरेपर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्या रविवारी खांद्यापर्यंत गेले. तिसऱ्या रविवारी संयूला हाक मारली, मोठ्यानं, मनात साठलेलं सगळं बोलले, आणि लाटेखालून पलीकडे गेले.

काल सकाळी सहालाच सगळी वस्ती किनाऱ्यावर जमली होती. किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर नांगरलेल्या होडीला हात लावायचा आणि परत यायचं. दोन्ही बाजूंना वस्तीतल्या होड्या, मधे दोर. ज्या म्हाताऱ्यांनी लग्नं जमणार नाहीत म्हटलं होतं, त्यांतलेच दोघं होड्या घेऊन आले होते. चंद्रिकाअम्मा छत्री घेऊन खुर्चीत बसल्या होत्या, लाटेनं पाय भिजत होते तरी मागे सरकायला तयार नव्हत्या.

मी सगळ्यांत मागे राहिले. माझ्यापुढे एकोणीस टोप्या, पिवळ्या, लाटेवर वर जायच्या, खाली दिसेनाशा व्हायच्या, पुन्हा वर. होडीला पहिला हात सेल्वीनं लावला. तिनं ओरडून बापाला काहीतरी सांगितलं, आणि तो होडीत उभा राहून नाचायलाच लागला, होडी कलली तेव्हा बसला.

परतताना शाळेतली ऊर्मिला नावाची एक छोटी दमली आणि घाबरली. मी तिच्याकडे जाणार तोच सेल्वी मागे वळून तिच्या बाजूला आली. "पाठीवर हो, आभाळाकडे बघ, घाई नाही," असं म्हणाली. अगदी माझ्याच आवाजात. मग दोघी सावकाश, शेजारी शेजारी निघाल्या.

किनाऱ्यावर चंद्रिकाअम्मा उठून उभ्या राहिल्या होत्या. पाण्यातून बाहेर येणारी एकेक मुलगी त्या मोठ्यानं मोजत होत्या, त्यांच्या तंजावरी मराठीत. वस्तीतल्या बायका त्यांच्यामागून तमिळमध्ये तोच आकडा म्हणत होत्या. एक, दोन, तीन. माझ्यापर्यंत ते आवाज लाटांवरून येत होते. सतराला आवाज थांबले. सगळ्या बायका टाचा उंचावून बघायला लागल्या. मग सेल्वी त्या छोटीला घेऊन लाटेबरोबर वाळूवर आली आणि एकच कल्ला झाला. अठरा! एकोणीस!

आया पाण्यात धावल्या, लुगड्यासकट. कोण कुणाची मुलगी कवटाळतंय काही कळेना.

मी त्यांच्यामागून बाहेर आले. पायाखाली वाळू लागली, तशी थांबले आणि मागे वळून पाहिलं. पाणी मोकळं होतं. कुणी राहिलं नव्हतं.

चंद्रिकाअम्मांनी छत्री टाकून दिली होती. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "वीस."

तुमची,
विद्युलता